उजवीकडेच वळणारा ट्रक

"थांबवा, थांबवा!" नेत्रा ओरडली, तोवर ट्रकने शेडच्या उजव्या भिंतीला नाक घासलंच होतं.

केन-साननी इंजिन बंद करून कपाळाला हात लावला. शंभर वर्षांहून जुना तो लाकडी चाकांचा ट्रक म्हणजे त्यांच्या वडिलांचा, शेजारच्या मोरिता आजोबांचा, जीव की प्राण. आजोबा महिनाभर हॉस्पिटलमध्ये होते. आज संध्याकाळी ते घरी यायचे होते.

"पुन्हा उजवीकडेच. स्टिअरिंग गेलंय," केन-सान जपानीत पुटपुटले. ते राहायचे सेंदाईला, आणि गाड्यांचं त्यांना वावडंच होतं. "बाबा यायच्या आत हे धूड भंगारात देऊन टाकतो."

ते फोन करायला बाहेर गेलेसुद्धा. ती टोकियोजवळच्या ग्योतोकुला नवी असताना तिला पहिली हाक मारली ती आजोबांनी. ते घरी येणार आणि शेड रिकामी? तिला एका जागी उभं राहवेना.

तिचा धाकटा भाऊ निहार मात्र ट्रकखाली आडवा झाला होता. "ताई, डावं चाक साखळीने फिरतं. उजव्याची साखळी नुसतीच लोंबतेय."

"आणि इंजिन सुरू करायचं हँडल घालायला भोकं दोन कशाला?" वरच्या मजल्यावरचा नचिकेत सीटखाली डोकं खुपसून म्हणाला. "इथे सगळीकडे धूळ आहे. फक्त हा उजवीकडचा चौकोन स्वच्छ, आणि बोल्ट गायब."

नेत्राने वाकून पाहिलं. "म्हणजे याला इंजिनं दोन होती! एकेका चाकाला एकेक. एकच चाक ढकलतंय, म्हणून तो वळतो. दुसरं आजोबांनी साफ करायला काढलं असेल."

"मग आहे कुठे?"

नेत्राचा चेहरा उतरला. आजोबा येणार म्हणून रविवारी तिच्या बाबांनीच हौसेने ही शेड आवरली होती. बाबा कचऱ्याच्या नियमांना फार भीत. पहिल्या वर्षी कचरावाल्यांनी त्यांची पिशवी लाल स्टिकर लावून तिथेच सोडली होती, 'नेता येणार नाही' म्हणून. सगळ्या बिल्डिंगने ते पाहिलं. तेव्हापासून ते बाटलीचं झाकणसुद्धा दोनदा तपासून टाकत. कोपऱ्यातला 'जुना पंप' त्यांनी निळ्या प्लास्टिकमध्ये नीट बांधला होता आणि त्यावर सोदाई गोमीचं, म्हणजे मोठ्या कचऱ्याचं, स्टिकर चिकटवलं होतं.

"सोदाई गोमी आजच नेतात," एवढं म्हणून ती धावत सुटली. मागोमाग ते दोघंही.

कोपऱ्यावर कचऱ्याची गाडी उभीच होती. दोघा कामगारांनी निळं गाठोडं धरलं होतं.

"ते नेऊ नका, प्लीज," नेत्रा धापा टाकत जपानीत म्हणाली.

"नोंद झालीय, स्टिकरही आहे," त्यातला वयस्कर कामगार अदबीने म्हणाला. "रद्द करायचं तर ज्यांनी नोंदवलं त्यांनीच सांगायला हवं."

बाबांचा फोन बंद. मीटिंग! निहार रडायच्या बेतात आला. नेत्राला मात्र बाबा जेवताना सुनवायचे ते नियम आठवले. रोज कंटाळा यायचा, आज त्यांचाच आधार वाटला.

"तुम्ही गाडीचे भाग नेता का?"

"छे, ते अजिबात चालत नाहीत."

"मग आत काय आहे ते बघाल?"

त्याने प्लास्टिक सोडलं. इंजिन पाहून तो दचकला, कमरेत वाकला, बॅगेतून लाल स्टिकर काढून त्याने इंजिनावर चिकटवलं आणि गाडी निघून गेली.

"काकांना दुसरं लाल स्टिकर!" नचिकेत पोट धरून हसला.

ढकलगाडीवरून आलेलं इंजिन पाहताच केन-साननी भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. "लहानपणापासून हा ट्रक बघतोय," ते खजील होऊन म्हणाले, "पण मी कधी खाली वाकलोच नाही. तुम्ही वाकलात."

संध्याकाळी मोरिता आजोबा काठी टेकत शेडमध्ये आले. सगळी हकिगत ऐकून त्यांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. बाबा मान खाली घालून उभे होते. "सुमिमासेन, मोरिता-सान," माफी मागत त्यांनी लाल स्टिकर खरवडायला नख लावलं.

आजोबांनी त्यांचा हात धरला.

"राहू दे, संजीव-सान. 'नेता येणार नाही.' इतकी वर्षं मी केनला हेच तर सांगतोय."