भिंतीजवळचा पाट

खोली बघायची तर भर दुपारी बघावी. सकाळी कुठलीही खोली बरी दिसते आणि संध्याकाळी दलाल आधीच जाऊन दिवा लावून ठेवतो. दुपारी मात्र खोलीला काही लपवता येत नाही. पत्रा तापतो, मोरीचा वास वर येतो, शेजारची माणसं जेवायला घरी येतात आणि भांडणं व्हायची ती तेव्हाच होतात.

मी माझा पाट घेऊन जायची. लग्नात माहेरून आलेला, चारी कोपऱ्यांना पितळी फुलं ठोकलेला. मागच्या भिंतीला टेकायचं, दाराकडे तोंड करायचं आणि तासभर गप्प बसायचं. पाठीला ओल कळते, कानांना शेजार कळतो. सिटी बसचा कंडक्टर म्हणायचा, "बाई, बसायची जागा घरूनच आणली वाटतं?" म्हणू दे मेल्याला. हे गेल्यावर पंचवटीतलं राहतं घर सांभाळून नाशिकरोडच्या दोन खोल्या मी घेतल्या, त्या ह्याच पाटावर बसून. एकही फसली नाही.

बसल्या बसल्या मला तिथे राहायला येणारी माणसं दिसायची. ह्या कोपऱ्यात बाई स्टोव्ह मांडेल, त्या आढ्याला पाळणा टांगेल, नवरा कामावरून येऊन उंबऱ्यात चपला काढेल. माझ्या घरात ह्यातलं फारसं काही झालंच नाही. पाळणा तर नाहीच. म्हणून मी जरा निरखूनच बघायची. त्यात कुणाचं काय जातं?

अठ्ठ्याहत्तर साली सातपूरची चाळ आली. कारखाने वाढत होते, सिन्नर-चांदवडकडची पोरं कामाला येऊन जागा शोधत होती. माझे दीर गोरक्षभाऊजी बातमी घेऊन आले, की त्र्यंबक रस्त्याच्या आत आठ खोल्यांची चाळ विकाऊ आहे. अर्धी त्यांनी घ्यायची, अर्धी मी. माझ्या पाटल्या आणि गोठ त्यात गेले. पण आधी मी आठही खोल्यांत बसले. एकेका दुपारी एकेक, घाई न करता. मग पूर्वेकडच्या चार मागितल्या. नळ जवळ, पश्चिमेचं ऊन नाही, भिंती खडखडीत कोरड्या.

"घ्या की ताई, तुम्हाला त्यातलं कळतं," असं म्हणून सुमन हसली. सुमन म्हणजे भाऊजींची बायको, माझी धाकटी जाऊ. तिला ना ओल कळते ना उतार. ती नुसती हसते. तिच्या वाट्याच्या चारांतल्या पहिल्या खोलीत ती आणि भाऊजी राहायला आले. तिची आणि माझ्या शेवटच्या खोलीची भिंत एकच.

पूर्वी मीही हसायची. हसू संपता संपता माझ्या नाकातून घुर्र असा आवाज निघतो. सासूबाई एकदा पाहुण्यांसमोर म्हणाल्या, म्हशीसारखं काय हसतेस? त्या दिवसापासून मी हसणं सोडलं. सुमनला कुणी कधी काही म्हटलं नाही.

तर तिच्या खोल्या लगेच भरल्या, आणि त्या कशा! माणसं आली ती रुतूनच बसली. कुणाला बढती मिळाली, कुणाला पोर झालं. ओट्यावर बायका सुमनबाई, सुमनबाई करत पापड वाळवायच्या. आणि माझ्या खोल्या? चांदवडचा सहादू बायकोला घेऊन आला, पावसाळ्याच्या आत गेला. म्हणाला, "खोली लय ब्येस हाय बाई, पन बायकोला हवा मानवंना." अरे, पलीकडे काय काश्मीरची हवा आहे का? तीच हवा, तोच नळ, तोच पत्रा! त्याच्यामागून आलेलेही असेच गेले. जाताना माझ्याकडे बघायचे नाहीत.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. घरी जेवताना घास फिरायचा. सुमनच्या ओट्यावर आता कोण बसलं असेल, काय हसणं चाललं असेल, हेच डोक्यात. भाऊजी गोडीने म्हणाले, "वहिनी, दसऱ्यापर्यंत बघा. नाहीच जमलं, तर तुमचा भाग आम्ही घेतो." म्हणजे सगळी चाळ सुमनची. मी मनात म्हटलं, जीव गेला तरी देणार नाही.

त्याच सुमारास हारुन आणि बिलकिस आले. तो एका कारखान्यात टर्नर, ती पोटुशी. मालेगावची मुलगी, बोलायला गोड. मी माझी शेवटची, सगळ्यात चांगली खोली त्यांना दिली. आढ्याला पाळण्याची कडी पदरच्या पैशाने सुतार लावून बसवून घेतली. बाळ झालं. मला वाटलं, आता ही राहतेय.

भाद्रपदात मी चाळीत गेले तर माझ्या खोलीला कुलूप. बिलकिस सुमनच्या बाजूला, तिच्या शेजारच्याच खोलीत बिऱ्हाड लावत होती. तिथलं बढती मिळालेलं बिऱ्हाड नुकतंच स्वतःच्या घरात गेलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या दारातच उभी राहिले. "काय कमी केलं गं मी तुला? खरं सांग. सुमनने फितवलं ना?"

बिलकिस घाबरली. बाळाला छातीशी धरून म्हणाली, "नाही मावशी, अल्ला कसम. तुम्ही यायच्या ना, त्याचं भ्या वाटायचं."

"मी? भाडं न्यायला येते तेवढीच."

"दुपारी यायच्या. रोज. पितळी फुलांचा पाट टाकून भिंतीला टेकून बसायच्या. बोलायच्या नाहीत. मी पोळ्या लाटायचे तर हाताकडे बघायच्या. बाळाला पाजायला घेतलं, की तेव्हाही बघायच्या."

"वेड लागलंय का तुला? मी दुपारी पंचवटीत असते. आणि असं कुणी आत येतंय, तर कडी लावायची होतीस."

तिने माझ्याकडे बघितलं. "कडी लावलेलीच असायची, मावशी."

मी तशीच माझ्या रिकाम्या खोलीत गेले. कुलूप काढलं, दार लोटून घेतलं. बाहेर ऊन रणरणत होतं. आत पाळण्याची कडी, स्टोव्हचा काळा डाग, बाकी काही नाही. मागच्या भिंतीपाशी मात्र फरशीवर एक चौकोन जरा उजळ होता. झिजून होतो तसा. मी त्यावर हात फिरवला. फरशी गार असायला हवी होती.

मी स्वतःशी म्हटलं, बाळंतिणीच्या मनाचे खेळ. बाकीचं सुमनने भरवलेलं.

तेवढ्यात पलीकडे भांडी वाजली. भिंत एकविटी, सगळं ऐकू येतं. सुमनने कुणाला तरी वाढलं. मग तिचा आवाज आला, नेहमीचा, हसरा.

"ताई, अजून थोडा भात घ्या."

सुमन जगात एकीलाच ताई म्हणते.

मी ओट्यावरून धावतच गेले आणि तिचं दार ढकललं. सुमन एकटी जेवत होती. समोर, मागच्या भिंतीला लागून, एक पाट. पुढे ताट, अर्धं जेवलेलं. चिंचगुळाची आमटी, भात, भातावर तूप. घास मोडलेला होता.

सुमनचा हात थांबला. ती आधी माझ्याकडे बघत राहिली, मग त्या पाटाकडे.

"कोण जेवत होतं?" मी विचारलं.

"ताई, बसा जरा. पाणी देऊ?"

"कोण जेवत होतं, सुमन?"

"तुम्हीच की," ती हळू म्हणाली. "पहिल्यापासून येता. आठही खोल्यांत. माझे भाडेकरूही आधी घाबरले होते. मी म्हटलं, अरे, दारी आलेलं माणूस नुसतं बघत बसतं, कारण आपण त्याला या म्हणत नाही. पाट द्या, पान वाढा. तेव्हापासून काही त्रास नाही. जेवता, पोरांना घेता, जाता."

"पोरांना घेता?"

"बिलकिसचं बाळ तुमच्याकडेच तर निजतं."

मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही असेल. पण त्याआधी पोटात जो डोंब उसळला तो निराळाच होता. इतक्या वर्षांत सुमनने मला असं आग्रह करून कधी वाढलं होतं? बिलकिसने बाळ कधी माझ्या मांडीवर ठेवलं होतं? त्या बयेला आमटी, तिला तूप, तिच्या मांडीवर बाळ. आणि मी कंडक्टरची बोलणी खात बसने यायचं, कुलपं मोजायची.

"तुमच्या खोल्यांतही एकदा वाढून बघा," सुमन म्हणाली. "तुमच्या हातचं. मग माणसं टिकतील. दसऱ्याचं मी ह्यांना सांगते, तुम्ही काळजी करू नका."

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी स्टोव्ह, तांदूळ आणि माझा पाट घेऊन सातपूरला गेले. शेवटच्या खोलीत स्वयंपाक केला. चिंचगुळाचीच आमटी केली, आणि सुमनपेक्षा चांगली झाली. पाट भिंतीशी, त्या उजळ चौकोनावर, बरोबर बसला. पान वाढलं. तूप जरा जास्तच वाढलं.

समोर बसले आणि म्हटलं, "या."

कुणी आलं नाही.

पत्रा तापून तडतडला. भातावरचं तूप थिजलं. मी पुन्हा म्हटलं, जरा मऊ आवाजात. कुणाला मी इतक्या गोड आवाजात कधी बोलावलं नव्हतं.

फरशीवर हात ठेवून बघितला. गार होती. कुठल्याही रिकाम्या खोलीची असते तशी. माझ्या पद्धतीने बघितलं तर आता ह्या खोलीत काही म्हणजे काही उणं नव्हतं. जो येईल तो राहील. चारही खोल्या भरतील, चाळ अर्धी माझीच राहील. हेच तर मला हवं होतं.

पलीकडे बिलकिसचं बाळ खिदळलं. सुमन काहीतरी म्हणाली आणि बायका हसू लागल्या.

मी ताटासमोरून उठले, भिंतीला कान लावला.

हसणं ओसरत गेलं. एक एक आवाज थांबला. शेवटी एकच बाई हसत राहिली, मनापासून, कुणाचीही पर्वा न करता. आणि हसू संपता संपता तिच्या नाकातून घुर्र असा आवाज निघाला.

तिला कुणी काही म्हटलं नाही.