पासिंगचे तीन ठसे

बेचाळीस वर्षांनी आमची गाडी परदेशातून परत आली, ती ट्रेलरवर बसून. काचा पिवळ्या पडलेल्या, मागच्या दाराला हात जाईल एवढं भोक, इंजिन मुकं. बायको म्हणाली, "गाडी कसली, गंजाचं गाठोडं आणलंय!" तिचं काही चुकीचं नव्हतं. पण मी तीस वर्षं डेंटिंगचं काम करतोय. पत्रा किती मेलाय नि किती जिवंत आहे, हे माझ्या तळहाताला कळतं. सहा महिन्यांत मी ती रस्त्यावर आणली असती. फक्त आधी पासिंग व्हायला हवं होतं.

गाडी बाबांची. सुट्टीत आम्ही तिच्यातून लांब लांब जायचो. उन्हात तापलेल्या सीटचा वास, बाबांची शीळ, आणि प्रत्येक वळणावर माझ्या धाकट्या बहिणीचं, चिमीचं, "आलं का? आलं का?" त्याच गाडीच्या मागच्या सीटवर, आईच्या मांडीवर, दवाखान्याच्या वाटेत चिमी तापाने गेली. सहा वर्षांची होती. मी पुढे बसलो होतो आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते. त्याच महिन्यात बाबांनी गाडी विकली आणि घेणाऱ्याने ती बोटीवर चढवली.

जुन्या कागदांतल्या चेसिस नंबरावरून मी ती शोधून काढली, कारण आईचं एकच मागणं होतं. डोळे मिटायच्या आत तिला पुन्हा त्या सीटवर बसायचं होतं.

नोंदणी कार्यालयाच्या आवारात आईला सावलीत स्टुलावर बसवलं होतं. सकाळी अकराला निरीक्षक आले. निवृत्तीला टेकलेले, तिरकस बोलणारे. "या वयात लोक गाड्या मोडीत काढतात," ते म्हणाले, "तुम्ही मागवताय!"

मग त्यांनी बोनेट उघडून इंजिनामागचा पत्रा पुसला. त्यावर नंबर कोरलेला होता. नंबरावर पातळ कागद धरायचा, पेन्सिल आडवी घासायची, की ठसा उमटतो. बाहेरून आलेल्या जुन्या गाडीचे असे तीन ठसे लागतात.

"नंबराशिवाय काही उमटलं, तर पत्रा कापून जोडलाय असं धरतो आम्ही. मग गाडी सरळ भंगारात. माझ्या हातात काही राहत नाही."

पहिल्या कागदावर नंबर स्वच्छ आला. त्याच्या बाजूला चार लांबट डाग होते.

"हे काय?"

"तेल असेल, साहेब."

त्यांनी पत्रा पुन्हा पुसला. मीही त्यावरून तळहात फिरवला. गुळगुळीत, कुठे खाच नाही, उंचवटा नाही. दुसऱ्या कागदावर डागांना पेरं आली. ती बोटं होती.

तिसऱ्यावर पूर्ण पंजा उमटला, तळव्याच्या रेघांसकट. पलीकडून कुणी हात दाबून धरावा तसा.

मी आत शिरून डॅशबोर्डखाली बॅटरी मारली. पत्र्यामागे वायरींचा गुंता आणि धूळ. तिथे उंदीर शिरला नसता.

"जोड आहे," निरीक्षक म्हणाले. आवाजातला तिरकसपणा गेला होता.

"जोड असता तर माझ्या हाताला लागला असता."

त्यांनी फाईल मिटायला घेतली. आईला काय सांगणार होतो मी?

आई सावलीतल्या स्टुलावरून उठली. गाडीपाशी येऊन तिने तिसरा कागद बराच वेळ पाहिला. मग ती बोनेटखाली वाकली आणि घरात बोलावं तशी म्हणाली, "चिमे, हात काढ बघू. साहेबांना काम करू दे."



निरीक्षकांनी नवा कागद लावला. पेन्सिल आडवी घासली.

नुसता नंबर आला.

दुसऱ्यावरही. तिसऱ्यावरही.

त्यांनी शिक्का मारला, सही केली, आणि आधीचे तीन कागद माझ्या हातात कोंबले. "हे फाईलला लावता येणार नाहीत. फाडायचा मला धीर होत नाही. तुम्हीच न्या."

आई तोवर मागच्या सीटवर जाऊन बसली होती. मी ते कागद तिला दिले. तिसरा कागद मांडीवर पसरून तिने त्या पंजावर आपला हात ठेवला. तिचा हात त्यात मावला आणि वर बोटांशी जागा उरली.

"आई," मी म्हणालो, "केवढा हात आहे हा. चिमी तर सहा वर्षांची होती."

"तेव्हा होती," आई म्हणाली, आणि तिने सरकून शेजारी जागा करून दिली.