सेंदाचा होकार

"मानांग, रागावणार नसशील तर एक सांगतो… आज तू पुढे येऊ नकोस. मागे स्वयंपाकाकडेच थांब."

कढईत भात परतणारा सेंदाचा हात जागच्या जागी थबकला. लसूण करपल्याचा वास घरभर सुटला तरी तिला भान राहिलं नाही. ज्याला तिनं आईच्या माघारी आईसारखं वाढवलं, ज्याच्या तापात ती उशाशी बसून राहिली, तो तिचा धाकटा भाऊ, तिला मानांग म्हणजे ताई म्हणणारा तिचा तोतो, कडक इस्त्रीचा शर्ट घालून आरशात भांग पाडत होता आणि हे सगळं पाठमोराच बोलत होता!

"मनिलाहून पाहुणे येणार आहेत," तो म्हणाला. "मोठे गुंतवणूकदार. माझी मोठी बहीण कोंबड्यांच्या आखाड्यात उभी राहून बोंबलते असं त्यांना कळलं, तर कसं दिसेल ते?"

'त्या बोंबलण्यावरच तुझी कॉलेजची फी भरली गेली रे!' हे शब्द सेंदाच्या अगदी ओठांवर आले होते. पण ती हसली. "बरं बाबा, नाही येत पुढे. पण मला एवढं तरी सांग, तुझं ते नाणं दिसतं कसं?"

सेंदाचं हे असंच होतं. अंतःकरणावर कितीही मोठा घाव बसो, तिचं कुतूहल काही तिला गप्प बसू द्यायचं नाही. तोतो मनिलाहून परत आला तो 'मेरोन' नावाचं खूळ डोक्यात घेऊन. आखाड्यात ज्या कोंबड्याची सरशी लोक धरून चालतात, त्याच्या बाजूला मेरोन म्हणतात. आमच्या नेग्रोस बेटावरच्या झुंजी जगात कुठेही बसून बघायच्या, क्रिप्टोच्या नाण्यांनी त्यांच्यावर पैजा लावायच्या, अशी ती साइट होती. ती उघडण्याआधीच तिचे शेअर विकायचे होते. तेव्हापासून सेंदानं प्रश्न विचारून विचारून त्याला भंडावून सोडलं होतं. नाणं वाजत नाही, मग खोटं कसं ओळखायचं? पैज लावणारा दिसतच नाही, मग तो मनातून घाबरलाय की नाही हे कळणार कसं? आणि मुख्य म्हणजे, क्रिस्तो कोण?

"कोणीच नाही!" तोतोचे डोळे चमकले होते. "तीच तर गंमत आहे, मानांग. सगळं यंत्र सांभाळतं. कुणी कुणावर विश्वास ठेवायची गरजच उरत नाही!"

विश्वास नसलेली पैज! अगं बाई… कशी असेल ती? सेंदा कितीतरी वेळ विचार करत राहिली.

तिचा प्रश्न काही वेडगळ नव्हता, कारण ती स्वतःच क्रिस्तो होती, आखाड्यात पैजा घेणारी. रिंगणाच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा राहतो, क्रुसावरच्या ख्रिस्तासारखा, म्हणून त्याला क्रिस्तो म्हणायचं. बाकांवरून हात वर होतात. बोटं आभाळाकडे असली तर दहा-दहा पेसो, आडवी असली तर शंभर, जमिनीकडे वळली की हजार. क्रिस्तो तुमच्या डोळ्यांत बघतो, एकदा मान हलवतो, झालं! ना चिठ्ठी ना सही. त्या क्षणापासून ती पैज त्याच्या शिरावर. हरणारा पळाला तर क्रिस्तोनं पदरचे भरायचे. आणि काही कारणानं झुंज झालीच नाही, तर ज्याचं त्याला जसंच्या तसं परत करायचं.

त्यांचे वडील, ताताय एल्पिदियो, हयातभर हेच करत आले. पुढे गळ्यातली गाठ काढताना डॉक्टरांना त्यांचा आवाजही काढावा लागला. तेव्हा नर्सिंगचं शिक्षण अर्ध्यावर टाकून सेंदा त्यांच्या जागी रिंगणात उतरली, कारण तोतो शिकायचा होता. साखर कारखान्यातला एक भला माणूस तिच्यासाठी थांबला, थांबला आणि शेवटी दुसरीकडे लग्न करून मोकळा झाला. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. मुक्या झालेल्या तातायशी घरात आखाड्याच्या बोटांनीच बोलणं चाले. भात वाढ म्हणायलासुद्धा बोटंच.

एक गोष्ट मात्र तिच्या मनात सलत होती. लहानपणी तोतो घरात शिरला की आधी तातायचा हात स्वतःच्या कपाळाला लावायचा आणि मग सेंदाचा. या नमस्काराला आमच्याकडे मोठा मान. मनिलाहून आल्यापासून तो तातायपाशीच थांबू लागला होता… सेंदाचा हात पुढे होण्याआधीच तो वळलेला असे.

गावच्या बास्केटबॉल मैदानाच्या छपराखाली समारंभ झाला. मोठा पडदा लागला, अख्खं डुक्कर भाजलं गेलं, मनिलाचे दोन पाहुणे थंडगार पंख्यासमोर बसले. तोतो फार सुंदर बोलला! मेरोनचा एक हिस्सा खास गावासाठी राखून ठेवलाय, आज जो शेअर घेईल तो उद्या मालक होईल… लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जेवणाच्या टेबलाकडे बघत वारा घेत राहिले. एकही हात वर झाला नाही. पाहुण्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

मागच्या कनातीच्या फटीतून सेंदा हे सारं बघत होती. न बघून राहवणार होतं थोडंच?

शेवटी मासळी विकणारी, सगळ्या गावाची मावशी, तिया ओपिंग उठली. "ते सगळं खरं रे पोरा, पण सेंदा कुठाय?"

"सेंदाचा काय संबंध, तिया?"

"म्हणजे? पैज घेणार कोण मग?"

मागून रिक्षावाला बेर्तिन ओरडला, "त्या पडद्याच्या डोळ्यांत बघून मी काय डोंबल ठरवू? सेंदाला बोलवा!"

हशा पिकला. आणि सेंदाला तोतोचा चेहरा दिसला… रक्त उतरलेला, ओठ कोरडे पडलेला. शाळेच्या गॅदरिंगमध्ये कविता विसरल्यावर झाला होता, अगदी तस्सा! कोळशानं काळे झालेले हात तसेच घेऊन ती बाहेर आली. क्षणात मैदानाचा आखाडा झाला! खुर्च्या सरकल्या, हात वर झाले, बोटं जमिनीकडे वळली…

कडेच्या खुर्चीतून ताताय तळवा जोरजोरानं आडवा हलवत होते. नको! घेऊ नकोस, पोरी, नको! त्यांनी ओळखलं होतं. सेंदानंही ओळखलं होतं. ही माणसं कुठली कंपनी विकत घेत नव्हती. ती तिच्याशी पैज लावत होती. मान हलली की सगळ्यांचं ओझं तिचं एकटीचं.

तिनं एकवार भावाकडे पाहिलं… आणि तिया ओपिंगच्या डोळ्यांत बघून मान हलवली. मग बेर्तिनकडे. मग पुढच्या रांगेकडे, मागच्या रांगेकडे. सह्या नंतर झाल्या. कागद कुणी वाचलाच नाही.

"बघितलंत, गाव कसं पाठीशी आहे ते!" तोतो आनंदानं पाहुण्यांना सांगत होता.

"पण ही बाई कोण?" एकानं विचारलं.

तोतो किंचित अडखळला. "ती होय… ती स्वयंपाकाला मदतीला असते."

सेंदा दोन पावलांवर होती. तिनं ऐकलं, पदराला हात पुसावेत तसे ॲप्रनला पुसले आणि पाहुण्यांना विचारलं, "आणखी मांस वाढू का?" तिच्या हृदयाचं काय झालं असेल ते त्या देवालाच ठाऊक!

गावच्या जत्रेच्या दिवशी साइट उघडायची होती. सेंदानं नवा झगा घातला होता. नाणं कसं पळतं ते एकदाचं बघायला मिळणार होतं ना! बेर्तिनच्या फोनभोवती अर्धी गल्ली जमली. फोनवर एक चक्र गरगरत राहिलं, गरगरतच राहिलं… सरकारी परवाना आलाच नव्हता. शेअरचे बरेचसे पैसे मनिलातल्या ऑफिसात आणि यंत्रांत गेले होते. पाहुण्यांचे फोन बंद लागत होते. तोतो खोलीचं दार लावून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिया ओपिंग मासळीची पाटी घेऊन दारात आली. रागावलेली मुळीच नव्हती.

"सेंदा, झुंज झाली नाही गं."

"हो तिया. नाही झाली."

"मग…?" म्हाताऱ्या बाईनं संकोचानं तळवा पुढे केला.

तोतो कागद घेऊन तीरासारखा बाहेर आला. "तिया, हा शेअर आहे! शेअरचे पैसे असे परत मिळत नसतात. ही बघा तुमची सही!"

"तुझ्याशी कोण बोलतंय रे? मान तू हलवली होतीस का?"

तो सेंदाकडे वळला. "तू यांना काय सांगून बसलीस?"

"काही नाही. नुसती मान हलवली."

"मग कायद्यानं तू काही देणं लागत नाहीस! मीही नाही!"

"बरोबर आहे तुझं," सेंदा म्हणाली आणि मागच्या अंगणात गेली.

अंगणात उतरत्या छपरांच्या छोट्या खोपट्यांची रांग होती आणि प्रत्येक खोपट्यापाशी पायाला दोरी बांधलेला एकेक करडा कोंबडा. तातायनी आयुष्यभर जपलेलं वाण होतं ते. बाकोलोदचे बडे लोक वर्षानुवर्षं मागायला येत, आणि सेंदा म्हणायची, हे आमचं म्हातारपण आहे, विकायचं नाही. कधीतरी आपलं अर्धवट शिक्षण पुरं करण्याचं एक वेडं स्वप्नही त्याच खोपट्यांत दडलेलं होतं… दुपारी ट्रक आला. पिंजरे भरले गेले, आणि आलेल्या पैशांतून सेंदा एकेकाचं परत करू लागली. एका डोळ्यानं आंधळा म्हातारा कोंबडा तेवढा कुणी घेतला नाही. तातायनी त्याला मांडीवर घेतलं आणि ते त्याची पाठ कुरवाळत बसले.

रिकाम्या खुंट्यांना दोऱ्या नुसत्या लोंबत होत्या. तोतो तातायसमोर येऊन उभा राहिला. "का केलं तिनं असं? ताताय, काही गरज नसताना का केलं?"

तातायनी ओठ पुढे काढून तोतोकडे रोख केला, आमच्याकडे दाखवतात तसा. मग सगळी बोटं जमिनीकडे वळवली. पुन्हा वळवली. पुन्हा. मग स्वयंपाकघराकडे ओठांनी खूण केली आणि एकदाच मान हलवली.

कितीतरी काळ तोतोनं ही भाषा टाकून दिली होती. पण याच बोटांवर तो पहिल्यांदा आकडे शिकला होता. त्याला सगळं लख्ख कळलं. सगळ्या पैजा तुझ्यावर होत्या… आणि सगळ्या तिनं घेतल्या. एकटीनं!

तो धावतच आत गेला. "मानांग! तुला माहीत होतं! मान हलवतानाच तुला माहीत होतं!"

"तुझा चेहरा कसला पडला होता रे… मी दुसरं काय करणार होते?"

"आणि मी तुला… मी त्या लोकांना सांगितलं, की तू स्वयंपाकाला…"

"ऐकलं ना मी. स्वयंपाक चांगला झालाय, एवढं तरी म्हणायचंस!"

ती हसली आणि हसता हसताच तिचा बांध फुटला. तो तिच्या पायांशी बसून लहान मुलासारखा हुंदके देत होता आणि ती त्याच्या केसांवरून हात फिरवत होती. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "मानांग, माझ्या वाट्याची नाणी आहेत अजून. माझी एकट्याची. ती मी मोडतो. राहिलेल्या लोकांचं मी देतो, तू आता काही विकायचं नाहीस."

सेंदानं डोळे पुसले. "मोडतात कशी रे ती? दाखव ना!"

दोघं डोक्याला डोकं लावून फोनपाशी बसली. तोतोनं बोट टेकवलं, आकडा शून्यावर आला.

"एवढंच?" ती खट्टू झाली. "वाजलंसुद्धा नाही!"

दुसऱ्या दिवशी तोतो घरोघर पैसे घेऊन गेला, पण त्याच्या हातून कुणी घेईना. "बोली सेंदाशी झाली होती," बेर्तिननं सरळ सांगितलं. मग तोतोनं पैसे सेंदाच्या हातात ठेवायचे आणि तिनं ते लोकांच्या, असं सुरू झालं. उन्हात तिच्या डोक्यावर छत्री धरून तो मागून मागून चालत होता.

रविवारी आखाडा तुडुंब भरला होता. आता कुठल्याच झुंजीत सेंदाचा स्वतःचा कोंबडा नव्हता. ती रिंगणात हात पसरून उभी राहिली आणि पूर्वी कधी झाले नव्हते इतके हात एकदम वर झाले. त्या गर्दीत, अगदी वरच्या बाकावर, तिला एक हात दिसला. तोतोचा! आजवर त्यानं इथे पाऊल टाकलं नव्हतं.

"अरे, घरच्यांची पैज चालत नाही इथे! हात खाली कर!" बाकांवरून थट्टा सुरू झाली.

त्याच्या शेजारी बसलेल्या परगावच्या माणसानं विचारलं, "ही बाई तुमच्या ओळखीची आहे का?"

"माझी बहीण आहे!" सगळ्या गोंगाटावर मात करत तोतो ओरडला. आखाड्यातली बोंब होती ती, अस्सल घराण्यातली! "ही माझी मानांग आहे!"

आणि त्यानं वर केलेला तो हात उलटा वळवून, डोकं पार खाली झुकवून, स्वतःच्या कपाळाला लावला. तिचा हात तिथवर पोचत नव्हता ना, म्हणून आपलाच.

कोंबडे सोडायची वेळ झाली होती. लोक ओरडत होते, बोटं नाचत होती, पंच हातवारे करत होता. सेंदानं सगळ्यांना थांबवून ठेवलं. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही तिला सुचलं नाही. तोतोनं मान वर केली तेव्हा तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं, आणि एकदाच मान हलवली.