पाठीवरचं नाव

मी सात नंबरच्या जर्सीवरचं नाव उसवत होते आणि काचेपलीकडे, बास्केटबॉलच्या कोर्टवर, सात नंबर स्वतः हसत हसत चेंडू रिंगमध्ये टाकत होता.

"हे काय चाललंय?"

ब्लेड थेट बोटात घुसलं. दारात आमचा कप्तान उभा होता... सहा फूट चार इंच, चौकटीखाली मान वाकवून, हातात एक काखेत फाटलेली जर्सी. तोवर आमचं बोलणं 'धुतलं का' आणि 'वाळलं का' यापलीकडे गेलं नव्हतं.

माझं काम सांगायला सोपं. संघाची धुलाई माझ्या मावशीकडे, शिवण माझ्याकडे. खेळाडू आला की पाठीवर नाव शिवायचं, गेला की उसवायचं. कोण जाणार त्याची चिठ्ठी मॅनेजरकडून सकाळी नऊला यायची आणि त्या खेळाडूला बोलावणं जायचं बाराला. मधले तीन तास ते गुपित पोटात ठेवायचं, ही नोकरीची अट.

कप्तानाने नाव वाचलं. मग काचेतून बाहेर पाहिलं. आठ वर्षं ते दोघं दौऱ्यावर एकाच खोलीत राहिले होते. तो टॉवेलच्या ढिगावर बसला.

"त्याला माहीत आहे?"

"बाराला कळेल. तुम्ही सांगितलंत तर माझी नोकरी गेली."

मग त्याचं लक्ष माझ्या बोटाकडे गेलं. खिशातून खेळाडूंची पांढरी पट्टी काढून त्याने ती गुंडाळायला घेतली – एवढ्याशा बोटाला घोट्याएवढी. मी म्हटलं, बोट मुरगळलेलं नाही, कापलंय. तो हसला नाही. खाली गेला आणि बारा वाजेपर्यंत सात नंबरला पास देत राहिला. एकशे चौदा. मला मोजायची खोड आहे.

त्याआधीच्या हंगामात आम्ही बावीसपैकी एकोणीस सामने हरलो होतो, म्हणून मालकांनी हा नवा मॅनेजर आणला होता. छाटल्याशिवाय झाड फळ धरत नाही, असं त्याने पहिल्याच बैठकीत सुनावलं आणि तेव्हापासून सगळे त्याला मागून 'माळी' म्हणू लागले. माळ्याने छाटलं मात्र मनापासून. दर पंधरवड्याला चिठ्ठी, दर चिठ्ठीला कुणीतरी पांढराफटक चेहरा करून बॅग उचलतोय.

त्या सकाळनंतर कप्तान रोज साडेनऊला शिवणखोलीत यायला लागला. आधी नजर टेबलावर, आज कुणाचा नंबर ते बघायला. मग माझ्याकडे. हातात काहीतरी निमित्त असायचंच.

"काल नाडी, आज बॅगेची चेन," मी म्हणाले. "उद्या काय आणणार?"

"उद्याचं अजून फाडलेलं नाही."

सुई दोऱ्यातून... नाही, दोरा सुईतून ओवायला मला त्या दिवशी चार खेपा लागल्या.

माणसं मी कपड्यांवरून ओळखते. घाबरलेला खेळाडू जर्सीचा गळा चावतो. खोटारडा मोजे उलटे टाकतो. कप्तानाचे कपडे घडी घालून यायचे आणि त्यात काहीच सापडायचं नाही, ह्याचा मला राग यायचा. एकदा मावशी टॉवेल झटकता झटकता म्हणाली की सगळा संघ तुला ताई म्हणतो, तो माळीसुद्धा म्हणतो, हा एकटा म्हणत नाही. का, ह्याचा विचार केलास? मी म्हटलं, वयाने मोठा आहे म्हणून. मावशी म्हणाली, माळी तर पंचावन्नचा आहे. आणि गेली निघून. मी इस्त्री हातात धरून तशीच उभी. एक पांढरा टॉवेल जळाला त्यात.

नवी पोरं आली. त्यातल्या एकाला आम्ही 'खांब' म्हणायचो, तो स्वतःच्याच नाडीवर पाय देऊन पडायचा. दुसरा 'भिंगरी'. कप्तान त्यांना तासन्‌तास शिकवायचा, रागवायचा, जेवायला बसवायचा. दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर आम्ही चौथ्या क्रमांकावर होतो आणि कुणाचाच विश्वास बसत नव्हता, आमचासुद्धा.

तेव्हाच एकदा तो चिडून म्हणाला की शेवटच्या क्षणी आपण का हरतो, काही कळत नाही. मी सहज बोलून गेले.

"मी मोजलंय. शेवटच्या दोन मिनिटांत पोरं रिंगकडे बघत नाहीत, तुमच्याकडे बघतात. बघेपर्यंत चेंडू जातो."

तो हसला होता. "मीच तेवढा देखणा आहे," असंही म्हणाला होता.

आठ दिवसांनी, संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपायच्या सकाळी, नऊला चिठ्ठी आली. त्यावर एकच आकडा. अकरा.

मी ती उलटी करून पाहिली. उजेडात धरली. अकरा म्हणजे कप्तान. एवढ्या चिठ्ठ्या आल्या, पण ही येईल असं एकदाही डोक्यात आलं नव्हतं – रोज पूर बघायचा आणि आपलं घरही नदीकाठीच आहे हे विसरायचं, तसं.

पहिल्यांदाच मी ब्लेड खाली ठेवलं आणि थेट माळ्याच्या खोलीत गेले. म्हटलं, चूक झालीय, एकदा बघून घ्या. त्याने चष्मा काढला. दमलेला दिसला. म्हणाला, चूक नाही. रिंगवरून उसळलेला चेंडू हिसकावणारा पहाडासारखा गडी हवा होता. तो देणाऱ्या संघाला बदल्यात मुरलेला खेळाडू हवा होता.

"पण ताई, मी त्याचं नाव घेतलं नव्हतं. आठ दिवसांपूर्वी त्यानंच येऊन सांगितलं. म्हणाला, मी असेपर्यंत ही पोरं माझ्या तोंडाकडे बघत राहणार. कुणीतरी मोजलंय म्हणे."

कुणीतरी.

माळ्याचा हिशेब बरोबर होता. त्या वर्षी आम्ही अंतिम सामना खेळलो. पण त्या जिन्यावरून उतरताना मला पायऱ्या दिसत नव्हत्या. माझ्या जिभेने मी त्या माणसाला घालवलं होतं. आणि आठ दिवस, हे सगळं माहीत असताना, तो रोज साडेनऊला येऊन माझ्यासमोर बसत होता, चेन दुरुस्त करून घेत होता!

तो कपडे बदलायच्या खोलीत एकटाच बॅगेत बूट भरत होता. मला बघून उठला, डोकं कपाटाला आपटलं.

"आठ दिवस," मी म्हणाले. "एक शब्द नाही?"

"तुम्हालाही माहीत असतं की सगळ्यांचं. तुम्ही कुठे सांगता?"

"मी चेष्टेत बोलले होते."

"चेष्टेत नव्हतं ते. खरं होतं, म्हणून तर झोप उडाली." त्याने एक बूट बॅगेत घातला, परत काढला. "दहा वर्षं लोक मला खूश करायला बोलतायत. तुम्ही एकट्या मोजून सांगता."

"कुठे जाताय?"

पाच तासांवरच्या शहराचं नाव त्याने घेतलं. गाडी दुपारी एकची. मग म्हणाला, सकाळी यायची सवय मोडायला जरा... आणि वाक्य तिथेच सोडलं. पंचाशी अर्धा तास न थांबता भांडणारा माणूस, पण ते एक वाक्य काही त्याला पुरं होईना.

मी वाट पाहिली. तो बूट बघत राहिला. आणि मग एक आवाज आला, जो माझा होता, आणि त्याचा सगळ्यात मोठा धक्का मलाच बसला.

"मला तुम्ही आवडता. हे पण मोजून सांगतेय."

त्याच्या हातातला बूट पडला. तो तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होता, जणू रिंगच जागेवरून हललीय.

"पुन्हा सांगा."

"पुन्हा नाही. फोन करा. सहानंतर करा, त्याआधी मशीन चालू असतं, काही ऐकू येत नाही."

"सहानंतर," तो म्हणाला. मग, खूप हळू, "मी चेन मुद्दाम तोडत होतो. तीनदा."

"पाचदा," मी म्हणाले, आणि पळाले.

एकला गाडी गेली. मी खिडकीशी गेले नाही. साडेचारला तो पहाडासारखा नवा गडी आला आणि मावशीने त्याची छाती मोजायला स्टूल मागवलं. उद्याच सामना, म्हणून त्याचं नाव मी लगेच शिवायला घेतलं. लांबलचक नाव, अकरा अक्षरांचं. मशीन खडखडत होतं, शेजारी धुलाईचं यंत्र गरगरत होतं, मावशी मोठ्याने कुणाला तरी झापत होती.

पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

स्पष्ट ऐकू आला.