किल्ल्यातली आंधळी म्हातारी

"थांब, जाऊ नकोस." जयंतीनं क्लासच्या जिन्यातच मीराची पिशवी धरून ठेवली. "नीट सांग, सर काय म्हणाले?"

"उद्यापासून येऊ नकोस म्हणाले." मीरा पिशवी सोडवायला लागली.

अठ्ठ्याऐंशी सालची मे महिन्याची सुट्टी होती. घाटकोपरच्या त्या कॉम्प्युटर क्लाससाठी गोवंडीच्या आख्ख्या शाळेतून एकट्या मीराची निवड झाली होती. आणि येत्या रविवारच्या प्रदर्शनासाठी मुलांनी केलेले सगळे प्रोग्रॅम तीन दिवसांपूर्वी कुणीतरी पुसून टाकले होते. मशीनच्या नोंदीत नाव होतं मीराचं! मग काय, दशरथ सरांनी तिचं एक अक्षरही न ऐकता तिला घरचा रस्ता दाखवला.

"हा बघ नोंदीचा कागद," त्यांच्याच क्लासातला धोंडू खिशातून घडी काढत म्हणाला. "सरांच्या टेबलावर होता."

"ढापलास?" जयंतीनं विचारलं.

"उसना घेतला गं."

पुसण्याआधी मीराच्या नावानं कुणीतरी 'किल्ला' खेळलं होतं. किल्ला म्हणजे या तिघांचा जीव की प्राण! क्लासातले सगळे पडदे एकाच मोठ्या मशीनला जोडलेले, त्यामुळे सगळ्यांना एकाच किल्ल्यात हिंडता येई. तिथं चित्रं नव्हती, नुसती अक्षरं. खेळणाऱ्याचं नावही दिसत नसे. त्यानं स्वतःचं जे वर्णन लिहिलं असेल, तेवढंच दिसे. हडकुळा धोंडू तिथं 'तीन दात पडलेला पहिलवान' होता, जयंती 'हिरव्या फेट्याची घोडेस्वार' आणि मीरा 'काठी टेकत चालणारी आंधळी म्हातारी'. जसं लिहिलं तसंच वागायचं, हा जयंतीचा कडक नियम. म्हणून मीरा कुठल्याही दालनात शिरली की विचारायची, "बाबांनो, समोर काय आहे?" दालन दाखवणारा 'लुक' हा हुकूम तिनं महिनाभरात एकदाही दिला नव्हता.

कागदावरून फिरणारं मीराचं बोट एकदम थांबलं. "लुक. परत लुक. अकरा वेळा लुक!"

"वाट लागली," धोंडू म्हणाला. "म्हातारीला दिसायला लागलं की!"

तिघं धावतच सरांकडे गेली. सरांनी ऐकून घेतलं, पण मान काही हलली नाही. "त्या दिवशी तू नियम मोडला असशील."

मीरा एक पाऊल पुढे येऊन म्हणाली, "सर, हा खेळ खजिन्याच्या दाराशी येऊन थांबलाय. इतक्या जवळ आलेला माणूस परत येणारच. उद्या जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं द्या. मी तुमच्या शेजारीच उभी राहीन, हात मागे बांधून."

दुसऱ्या दिवशी बरोबर दीड वाजता सर आणि मीरा धोंडूच्या पडद्यासमोर उभे होते. मीराचं नाव मशीनमधून अजून काढलेलंच नव्हतं. एक मिनिट गेलं, पाच गेली. धोंडूनं नखं खायला सुरुवात केली. आणि पडद्यावर अक्षरं उमटली: 'काठी टेकत चालणारी आंधळी म्हातारी आत येते.'

सरांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग मीराकडे. ती जागची हलली नव्हती.

"धोंडू, तिच्या कानाशी घंटा वाजव," मीरा कुजबुजली. किल्ल्यात कुणाच्या कानाशी घंटा वाजवली की त्याच्यासमोरचा पडदा खणखणत असे.

धोंडूनं बटणं दाबली. टिंग! आवाज आला तो कोपऱ्यातल्या बंद केबिनमधून. धोंडूनं परत घंटा वाजवली. टिंग, टिंग!

सरांनी दार उघडलं. आत मशीन सांभाळणारे चंद्रप्रकाश एका हातात पोळीची सुरळी धरून खजिन्याचं कुलूप उघडत होते. सगळ्या मुलांचे पासवर्ड त्यांच्याच वहीत असायचे आणि मीराचं नाव काढायचं कामही त्यांचंच होतं.

"सर, माझ्या नावावर खेळता येत नाही, म्हणून हिच्या नावानं शिरलो. मशीनमधली जागा भरली होती, खेळ सेव्ह होईना," ते चाचरत म्हणाले. "जुन्या फायली समजून उडवल्या. सगळ्याची नक्कल टेपवर आहे, सर. आत्ता परत चढवतो."

"टेप होती, तरी चार दिवस गप्प बसलात? आणि नाव या पोरीचं जाऊ दिलंत?" सर कडाडले. मग ते मीराकडे वळले. जेवण टाकून जमलेला सगळा वर्ग ऐकत होता. "अकरा शब्दांवरून तू चोर ओळखलास. मला समोर उभी असलेली मुलगी ओळखता आली नाही. चुकलं माझं, मीरा."

मीराला खूप काही बोलायचं होतं, रात्रभर तिनं ते घोकलंही होतं. पण डोळे भरून आले आणि तोंडून एवढंच निघालं, "सर, उद्या किती वाजता येऊ?"

"नेहमीच्याच वेळेला," सर म्हणाले.