सहा-चाळीसचे एकोणीस प्रवासी

"आम्ही एकोणीस जणी रोज त्या बसनं जातो, आणि तुमच्या कागदावर शून्य? आम्ही काय भुतं आहोत का हो?"

इस्पितळात वॉर्ड झाडणाऱ्या मावशी रजा टाकून डेपोत आल्या होत्या आणि काउंटरवर हात आपटत होत्या. ऐकून घ्यायला तिथे फक्त चेकरबाई होत्या. तीस वर्षं तिकिटं तपासून त्यांना एक सवय जडली होती. समोरचा ओरडतोय की खोटं बोलतोय, हे त्यांना वेगवेगळं ऐकू यायचं. मावशी फक्त ओरडत होत्या.

भिंतीवरची नोटीस सरळ होती. सहा नंबर आणि तेवीस नंबर, दोन्ही मार्ग तोट्यात. नगरपालिकेचं अनुदान यंदा एकालाच पुरेल. सकाळच्या पहिल्या फेरीला बसमध्ये चढणारे आठवडाभर मोजले गेले होते. ज्याची माणसं जास्त, तो मार्ग वाचणार. सहा नंबरला मावशींच्या वसाहतीच्या थांब्यावर शून्य आणि पाण्याच्या टाकीजवळच्या शेवटच्या थांब्यावर दोन. तेवीसला चार. निकाल उद्या अकरा वाजता समितीत.

"बस बंद झाली तर?" चेकरबाईंनी विचारलं.

"सातला हजेरी लागते. तीन दिवस उशीर झाला की काम गेलं. रिक्षाला पैसे घालायचे तर पगार कशाला घ्यायचा?"

"तुम्ही बसमध्ये किती वाजता चढता?"

"सहा-पंचवीसला. सगळ्या पासवाल्या."

चेकरबाईंनी ते मनात टिपून ठेवलं. शहराकडे जाणारी बस त्या थांब्यावर सहा-चाळीसला येते. मग ही पंधरा मिनिटं कुठली?

नियोजनाच्या खोलीत घड्याळदादा होते. आयुष्यात एकदाही उशिरा न आल्यामुळे सगळा डेपो त्यांना घड्याळ म्हणायचा. चेकरबाईंना तिकीट पंच करायला त्यांनीच शिकवलं होतं, आणि त्या आजही त्यांच्यापुढे बसायला कचरत.

"दादा, मोजणी तुम्हीच लावली ना?"

"मीच. इथे बसून. रस्ता रुंद झाल्यापासून मी तिकडे फिरकलेलोसुद्धा नाही."

भिंतीवर नव्या सहापदरी रस्त्याचा नकाशा होता. वसाहतीसमोर ओलांडायचे पांढरे पट्टे ठळक रंगवलेले.

"दुपारी जाऊन बघून येते."

"जा. पण टाकीकडच्या बाजूला उतरलीस तर अडकशील हं. दुभाजकाला कुठेच फट नाही, पूल दोन किलोमीटरवर."

चेकरबाई मान डोलावून निघाल्या. दारात मात्र त्यांचं पाऊल क्षणभर अडखळलं, आणि त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

वसाहतीच्या थांब्यावर मोजणी करणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. शंका घेतल्यावर त्यांचा पारा चढला.

"सहा दिवस साडेसहा ते सात मी त्या बाकावरून हलले नाही. कुणी चढलं नाही म्हणजे नाही!"

"कुठल्या बाकावर?"

"शहराकडच्या. तसंच सांगितलं होतं."

"आणि टाकीकडची बाजू?"

"तो रकाना आधीच पट्टीनं खोडलेला होता."

सहा नंबरचा कंडक्टर स्टँडवर चहा पीत होता.

"टाकीवर किती चढतात?"

"दोघं."

"टाकीवर उतरतात किती?"

"उतरत… कुणी फारसं नाही."

"आणि इस्पितळाला?"

कंडक्टरने चहाचा पेला खाली ठेवला. "चेकरबाई, तुम्ही रिपोर्ट करणार असाल तर मी काही बोलत नाही."

दुपारी त्या वसाहतीला गेल्या. शहराकडच्या बाजूला नवी कोरी शेड होती. शिक्षिकाबाई बसल्या होत्या तेवढी जागा सोडली तर बाकभर धुळीचा थर. पलीकडे, टाकीकडच्या बाजूला, नुसता एक खांब होता. खांबाजवळची जमीन मात्र पायांनी तुडवून गुळगुळीत झाली होती. मधे कमरेपेक्षा उंच दुभाजक. नकाशातले पांढरे पट्टे शोधूनही सापडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी अकराला समिती बसली. घड्याळदादा मोजणीचे कागद घेऊन हजर होते, मावशीही आल्या होत्या. अध्यक्षांनी पेन उघडलं, तशा चेकरबाई उठल्या.

"साहेब, मोजणीवाल्या बाई खरं बोलतात आणि मावशीही. वसाहत रस्त्याच्या एका अंगाला, शहराकडचा थांबा दुसऱ्या अंगाला. ओलांडायला वाट नाही. म्हणून या बायका सहा-पंचवीसला आपल्याच बाजूनं उलट्या दिशेच्या बसमध्ये चढतात, टाकीपर्यंत जातात आणि न उतरता त्याच बसनं शहरात येतात. शेवटच्या थांब्यावर बस रिकामी करायचा नियम आहे. कंडक्टर तो पाळत नाही, म्हणून गप्प होता. मी त्याच्या जागी असते तर मीही पाळला नसता. पास असल्यामुळे तिकिटं फाटत नाहीत, आणि आपण मोजले फक्त शहराकडे चढणारे. एकोणीस माणसं बसमध्ये बसून बेपत्ता झाली."

"म्हणजे चूक झाली," अध्यक्ष म्हणाले.

चेकरबाईंनी नकारार्थी मान हलवली. "चूक असती तर बरं झालं असतं. टाकीकडचा रकाना मुद्दाम खोडला. ज्यानं खोडला तो म्हणाला, मी तिकडे गेलोच नाही. पण दुभाजकाला फट नाही हे त्याला ठाऊक होतं. नकाशात तर तिथे पट्टे आहेत. ते रंगवायचे राहून गेले, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. दादा, तुम्ही कधी गेला होता?"

घड्याळदादांनी चष्मा काढला.

"मोजणीच्या आदल्या आठवड्यात. दोन सकाळी."

"का केलंत?"

"तेवीसला चार माणसं आहेत. त्यातली एक माझी धाकटी बहीण. आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करायला जाते, तिला दुसरी गाडी नाही. चाराचे बावीस करायला माझा हात धजला नाही गं. एकोणिसांचं शून्य करणं सोपं गेलं. एक रेघ ओढली की झालं."

मावशी त्यांना चांगलं सुनावायच्या तयारीनं आल्या होत्या.

"दोन्ही ठेवा ना साहेब," शेवटी त्याच म्हणाल्या.

"पैसे एकाचेच आहेत," अध्यक्ष म्हणाले आणि सहा नंबरपुढे सही केली. घड्याळदादांचं निलंबन दुपारी निघालं. जाताना ते चेकरबाईंना एवढंच म्हणाले, "बरोबर शिकवलं होतं मी तुला." त्या रडल्या, आणि कुणापासून लपवलंही नाही.

महिनाअखेरीला तेवीस नंबरची शेवटची फेरी होती. चेकरबाईंनी पूर्ण तिकीट काढलं आणि घड्याळदादांच्या बहिणीशेजारी जाऊन बसल्या. ती खिडकीबाहेर बघत होती. न वळताच तिनं विचारलं, "पुढच्या मंगळवारी कसं करायचं हो?"

कंडक्टरने माणसं मोजली आणि तक्त्यावर पाच लिहिलं.