नळीतली शिट्टी

कौशिकचा भुताखेतांवर विश्वास नव्हता, वासावर मात्र होता. जयपूरबाहेर कानोत्याच्या वाटेवर असलेल्या कचऱ्याच्या डोंगरावर तो रोज सकाळी चढायचा, तेव्हा नुसत्या कुजकट-गोडसर वासावरून आज गॅस कुठे जास्त आहे हे त्याला कळायचं. डोंगराचा अर्धा भाग मातीने झाकून झाला होता. त्यात खोलवर नळ्या उतरवल्या होत्या. आतला मिथेन त्यांतून ओढून घ्यायचा आणि एका उंच धुराड्यावर जाळून टाकायचा, असं ते काम. नाहीतर उन्हाळ्यात डोंगर आपोआप पेटायचा आणि धूर थेट शहराच्या कडेला जगतपुऱ्यात यायचा. कौशिकचं घर जगतपुऱ्यातच होतं आणि त्याच्या सहा वर्षांच्या सुरुचीला दमा होता. हे काम एकदाचं उरकलं की पोरीची छाती मोकळी होईल, एवढ्या एका आशेवर तो नाक दाबून दिवस काढत होता.

कडेच्या दोन नळ्या तेवढ्या जोडायच्या राहिल्या होत्या. त्यातली एक मुकी होती, तिच्यातून हवा येत-जात नव्हती. दुसरीच्या तोंडावर हात धरला की ती हवा बाहेर टाकायची, मग आत ओढायची. हवेचा दाब बदलला की असं होतं, हे त्याला ठाऊक होतं. पण दाब सावकाश बदलतो. ही नळी भराभर श्वास घेत होती आणि प्रत्येक श्वासाच्या शेवटी बारीक शिट्टी वाजत होती. ती शिट्टी त्याच्या चांगलीच ओळखीची होती. सुरुचीच्या उशाशी बसून त्याने ती कितीदा तरी ऐकली होती.

वारा असेल, असं म्हणत त्याने त्या नळीचा कॉक बंद केला.

लगेच फोन वाजला. बायको, मयूरी. कामाच्या वेळी ती कधी फोन करत नसे.

"सुरुचीला श्वास घेता येत नाहीये," ती म्हणाली. "पंप दिला, तरी..."

त्याने काही विचार न करता कॉक उघडला. फोनमधून पोरीचा खोकला ऐकू आला, मग रडणं.

योगायोग. इंजिनिअर माणसाने दुसरं काय म्हणायचं? पण मग त्याने जे केलं, त्याची त्याला तिथल्या तिथे लाज वाटली. फोन कानाशी धरून त्याने कॉक पुन्हा थोडासा फिरवला. पलीकडचं रडणं तेवढंच बारीक झालं.

त्याने घाईघाईने कॉक पूर्ण उघडला.

आता फोनवर आई आली. पार्वतीबाई मूळच्या कराडच्या, नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीपायी जयपूरला आलेल्या. मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून त्या रोज तिन्हीसांजेला नातीची दृष्ट काढत. घरातली मोहरी संपते पण दृष्ट संपत नाही, असं म्हणून कौशिक त्यांना चिडवायचा. आज त्याने विचारलं, ते ओवाळलेलं तू टाकतेस कुठे?

"चुलीत जाळायचं असतं ते," आई म्हणाली. "इथं कुठली आलीय चूल? गॅसवर टाकलं की पोरीला ठसका लागतो. मग मी आपली पिशवीत बांधून हूपरमध्ये देते."

हूपर म्हणजे दारावर येणारी कचऱ्याची गाडी. डोंगराच्या उघड्या भागावर त्या गाड्या एकामागून एक रिकाम्या होत होत्या. कौशिक बघत राहिला. नळी बंद केली तर पोर गुदमरणार. उघडी ठेवली तर आत हवा शिरून डोंगर पेटणार आणि ती धुराने गुदमरणार. त्याला रडू यायला लागलं.

"यापुढे नको देऊस," तो कसाबसा म्हणाला.

"बरं. पण काल तुझीही काढली हां. किती उतरलंय तोंड तुझं. तू झोपला होतास. पिशवी सकाळच्याच गाडीत गेली."

त्याच्या मागे काहीतरी सुसकारलं.

मुकी नळी. तिच्यातून हवा येत होती, जात होती. संथ, दमलेली.

तिचं झाकण खांद्यावर घेऊन फिटर खालून चढ चढत होता.

कौशिकने श्वास रोखून पाहिला.

नळी थांबली.